मुहूर्तावर सुटणारी ट्राम

देवासात ट्राम होती. हसून घ्या. माझे नातू रोज हसतात, तुम्हीही हसा, मग पुढे वाचा.

विजेची नव्हे, घोड्यांची. टेकडीच्या पायथ्याशी निघायची, बाजारातून जायची आणि आग्रा रोडवर इंदूरला जाणारा टपालाचा टांगा उभा असे तिथं संपायची. मुंबईवाल्यांनी पाहिली असती तर खेळणं म्हणून पोरांसाठी घरी नेली असती. पण आमच्या गावात त्या काळी तिचा केवढा तोरा! चालू शतक नुकतंच रांगायला लागलं होतं, आणि मी त्या ट्रामचा अंमलदार होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त; काम म्हणजे तिला वेळेवर सोडणं आणि वेळेवर पोचवणं. पहिल्या वर्षात या दोहोंपैकी एकही मला साधलं नाही. पुढे मोटारलॉऱ्या आल्या आणि ट्रामचे मालक आमचे शेठजी, त्यांनी रूळ उपटून विकले. त्यातले काही तुकडे अजून गावच्या गोठ्यांत खुंट म्हणून उभे आहेत आणि म्हशी त्यांना बांधलेल्या असतात.

संपादक म्हणाले, "नोकरीचा सगळा इतिहास लिहा." अहो, मी काय बखरकार आहे? लागलो, पगार खाल्ला, सुटलो, झाला इतिहास. मी एकच गोष्ट सांगणार आहे. टपालाचा तो टांगा माझ्या अक्काला गाठायचा होता, आणि तो गाठून द्यायचं काम माझ्या ट्रामच्या गळ्यात पडलं होतं. ते कसं पडलं ते ऐका.

आधी थोडं धंद्याबद्दल. ट्राम सावकाश का चालते असं कुणालाही विचारा, तो म्हणणार, घोडे मरतुकडे असतील. साफ खोटं! लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक असतं. एकदा गाडी चालू लागली की ती ओढणं म्हणजे घोड्याला सासुरवाडीचं जेवण. त्याचा जीव जातो तो निघताना. उभी गाडी हलवायला जनावर खूर रोवतं, मान खाली घालतं, फुरफुरतं, तेव्हा कुठं चाक फिरतं. आणि ते फिरतं न फिरतं तोच कुणीतरी हात वर करतं आणि गाडी पुन्हा उभी. म्हणजे ट्राम लवकर न्यायची तर घोडे पळवून उपयोग नाही, थांबणं कमी करायला हवं. आमच्या शेठजींना हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते बिचारे दर महिन्याला इंदुराहून नवा चाबूक पाठवीत.

आमचा हाकणारा नंदराम. सगळं गाव त्याला नंदा भिया म्हणे. नवा चाबूक आला की तो हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन बघायचा आणि भिंतीला टांगून ठेवायचा. म्हणायचा, "भिया, घोडा तो तैयार हे. साब लोग तैयार नी हे."

साब लोकांची तयारी कशी असे? गाडी दारासमोर आली की खिडकीतून आवाज, "नंदा भिया, जरा रोकजो! पगडी बांधतोय." पगडी बांधायची म्हणजे काय पाच मिनिटांचं काम आहे? एक काकू तर गाडी थांबवून शेजारणीकडे विरजण मागायला गेल्या आणि विरजणाबरोबर शेजारणीच्या सुनेची सगळी कर्मकहाणी घेऊन आल्या. गाडीतले बाकीचे उतारू चिडले असतील म्हणता? छे! त्यांनी काकूंकडून ती कहाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

मग मी डोकं चालवलं. ठरावीक ठिकाणीच गाडी थांबेल असा हुकूम काढला आणि खूण म्हणून त्या जागांवर दगड पुरले. दुरून दिसावेत म्हणून ते शेंदरी रंगानं रंगवले. इथं जाणकार वाचकाच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. दुसऱ्या सकाळी पाहतो तर प्रत्येक दगडावर फूल, समोर उदबत्ती, आणि बाजारातल्या दगडापुढे कुणीतरी नारळ फोडलेला. आता नंदा भिया प्रत्येक ठिकाणी खाली उतरे, जोडे काढी, हात जोडी, घोड्यांच्या कपाळाला अंगारा लावी आणि मग पुढे निघे. उतारूही उतरत. एका दगडाला तर महिन्याभरात नवस बोलायला लागले आणि तो पावायलाही लागला, असं म्हणतात. मला नाही पावला.

पण हे सगळं परवडलं. खरं दुखणं निराळंच होतं. ते होतं पुढचं बाक.

देवास हे गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन महाराज, दोन दरबार, दोन कोतवाल. तेव्हा मानकरीही ओघानंच दुप्पट. सकाळच्या ट्रामनं थोरल्या पातीचे आबासाहेब आग्रा रोडला हवा खायला जात. धाकट्या पातीचे दादासाहेबही जात. दोघांच्या हवेला एकच वेळ आणि दोघांचा हक्क गाडीच्या पहिल्या बाकावर. बाकावर दोघांना जागा होती हो! पण उजवीकडे कोण बसणार? आबासाहेब म्हणत, "थोरली ती थोरली." दादासाहेब म्हणत, "आमच्या आजोबांना हत्तीचा मान होता, यांच्या आजोबांना होता का विचारा." हत्ती मेला, आजोबा मेले, मान मात्र जिता. तोवर मागच्या बाकांवर माळणी, शिंपी, दर्शनाला आलेली खेड्यातली मंडळी दाटीवाटीनं बसलेली, आणि घोडे उभ्याउभ्या डुलक्या घेताहेत.

या दोघांत तिसरे आमचे तीर्थरूप. अण्णा धार संस्थानच्या दरबारातून निवृत्त होऊन माझ्याकडे देवासला राहायला आले होते. डही गावापासून बाग गावापर्यंत सगळा मुलूख त्यांनी घोड्यावरून तुडवलेला. त्यांचं म्हणणं, "देवासच्या दोन्ही पात्या एकत्र केल्या तरी धारेपुढे किती भरतील? पुढच्या बाकावर पाहुण्या दरबारचा मान." म्हणजे माझी गाडी अडवणाऱ्यांत माझाच बाप! कुणाला सांगता? मी गाडीचा अंमलदार असून तोंडातून ब्र काढू शकत नव्हतो. शिवाय शेठजींची ताकीद होती, "भास्करराव, सरदार लोगों को नाराज मत करना." रूळ दोन्ही दरबारांच्या जमिनीवर टाकलेले. एकाही सरदाराला रस्त्यात टाकून गाडी सुटली असती तर दुसऱ्या दिवशी रूळ उचला म्हणून निरोप आला असता.

आता अक्का. माझी थोरली बहीण, नाव यमुना. खातेगावला दिली होती. नवरा तापानं गेला तेव्हा तिला धड लुगडं नेसता येत नव्हतं. अण्णा तिला घेऊन आले आणि भावकी कितीही कानी-कपाळी ओरडली तरी तिचे केस काढू दिले नाहीत, एवढं त्यांचं ऋण मी कधी विसरणार नाही. घरी त्यांनीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं. आणि मग तिनं इंदूरला मास्तरणींच्या वर्गात जायचं म्हटलं तेव्हा हेच अण्णा म्हणाले, "वेड लागलंय का?" शिकवलं कशाला होतं मग? लोणचं घालायला?

अण्णा दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. लोक काय म्हणतील ही होतीच, पण त्याहून मोठी म्हणजे ही गेल्यावर घरात बोलायला कोण, ही. आई आम्हाला केव्हाच सोडून गेली होती. माझं लग्न व्हायचं होतं. पण भीती वाटते असं म्हणायची त्यांच्या पिढीला सवय नव्हती, म्हणून ते ओरडत.

दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडे जेवायला आबासाहेब आणि दादासाहेब दोघेही होते. (पाटांची उजवी-डावी बाजू ठरवताना काय झालं ते विचारू नका.) जेवणं झाली, उत्तरापोशनाचं पाणी हातावर घेतलं, आणि तेवढ्यात आबासाहेबांनी खवचटपणे विचारलं, "मग, लेक जाणार म्हणे इंदूरला?"

अण्णा भडकले. तळहातावर पाणी तसंच होतं. म्हणाले, "जाईल की! ज्या दिवशी आमच्या भास्करची ट्राम टपालाचा टांगा गाठील, त्या दिवशी त्याच टांग्यात बसवून देईन हिला!"

पंगत खो खो हसली. दादासाहेबांना ठसका लागला. सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, असं म्हणण्यासारखंच होतं ते. अण्णाही हसले आणि हातावरचं पाणी पिऊन टाकलं.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात ताक घेऊन उभी होती. ती मात्र हसली नाही. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "भास्कर, अण्णा हातात पाणी घेऊन बोललेत. पाणी प्यायलेतसुद्धा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातात पाणी घेऊन, चारचौघांत, जेवणाच्या पाटावर बोललेला शब्द! अण्णा स्वतःची मान कापून देतील पण तो शब्द मोडणार नाहीत. आणि अण्णांनाही हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या बाकासाठी दुप्पट जोरानं भांडायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून आणखी एक झालं. अक्का ट्रंक आणि वळकटी घेऊन सकाळच्या ट्रामला येऊन बसू लागली. कारण अण्णांची अट "त्याच टांग्यात" अशी होती, म्हणजे सामान तयारच हवं. रोज ट्रंक चढवायची, आग्रा रोडला पोचायचं, टांगा गेलेला बघायचा, त्याच ट्रामनं ट्रंक घेऊन परत. गावाला रोजची करमणूक झाली. बाजारातला हलवाई ओरडे, "भास्कर भिया, अक्का इंदौर से आ गई?" अक्का ट्रंकेवर बसल्या बसल्या त्याला म्हणायची, "हओ, आणि तुझ्या पेढ्यांची तिथं फार बदनामी आहे."

वर्ग भरायचा होता तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी. त्यानंतर तिथं कुणाला घेत नसत. म्हणजे हातात फार दिवस नव्हते.

मी इरेला पेटलो. पहिल्यांदा गाडी अर्धा तास आधी सोडायचं ठरवलं. मंडळी अर्धा तास आधी आली आणि अर्धा तास जास्त भांडली. मग बाजाराच्या चढावर एक जादा घोडा ठेवला. चढ झपकन संपला, पण टेकडीच्या पायथ्याशी गेलेला वेळ चढावर थोडाच भरून येतो? वंगण बदललं, नाल बदलले, चाकं घासली. नंदा भिया म्हणाला, "भिया, चाक कितना भी घिसो, आबासाब तो वइज हे."

आणि मग मला ती थोर कल्पना सुचली. अजून आठवलं की कान तापतात. मी विचार केला, मिरवणुकीत पुढे कोण असतं? वाजंत्री, चोपदार, भालदार. धनी कुठं असतो? सगळ्यांच्या मागून, हत्तीवर! मग मी तिघांनाही वेगवेगळं गाठून कानात सांगितलं, "पुढच्या बाकावर बसणं म्हणजे चोपदाराची जागा घेणं. खरा मानकरी सगळ्यांच्या शेवटी चढतो." तिघांनीही मान डोलावली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या सकाळी तिघेही गाडीशेजारी रस्त्यात उभे. पुढचं बाक रिकामं. कुणी चढेचना! आबासाहेब म्हणतात, "व्हा पुढे दादासाहेब." दादासाहेब म्हणतात, "छे, छे, आपण थोरले, आपण आधी." अण्णा आभाळाकडे बघत उभे. आधी भांडत तेव्हा निदान कुणीतरी जिंकत असे आणि गाडी हले. आता तिघेही गोड बोलत होते आणि गोड बोलण्याला अंत नसतो. त्या दिवशी आम्ही आग्रा रोडला पोचलो तेव्हा टांग्याची धूळसुद्धा खाली बसली होती. अण्णा उतरताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू म्हणालास ते पटलं हो मला." त्यांच्या डोळ्यांत काय चमक होती महाराजा!

अक्का ट्रंकेवर बसून होती. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "अक्का, चुकलं गं माझं." तर म्हणाली, "रडत नाहीये मी. धूळ गेलीय." टांगा तर केव्हाच गेला होता, धूळ कुठून आली?

तुळशीचं लग्न आलं. आमच्या अंगणात वृंदावन सारवलं, ऊस बांधला, आवळे-चिंचा ठेवल्या. शेजारपाजारची मंडळी जमली, दोन्ही सरदार आले. आता इथंही मानापमान होणार म्हणून मी धास्तावलो होतो. जोशीबुवा आले, अंतरपाट धरला गेला. मंडळी अजून ओसरीवर "आपण पुढे, आपण पुढे" करत होती. तेवढ्यात बुवांनी आवाज टाकला, "घटिका भरत आली! मुहूर्त चुकला तर मी जबाबदार नाही!"

आणि काय सांगू! आबासाहेब एका पायात जोडा घालूनच धावले. दादासाहेब आबासाहेबांच्या पुढे की मागे, कुणी बघितलं नाही. अण्णांनी वाटेतल्या पाहुण्याला कोपरानं बाजूला सारलं. सगळे मुठीत अक्षता घेऊन तुळशीभोवती दाटीवाटीनं उभे, गुपचूप, शाळेतल्या पोरांसारखे.

मी बघत होतो. अक्काही बघत होती. मंगलाष्टकं चालू असतानाच ती माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, "भास्कर, तुझी गाडी कुणाच्या हुकमानं सुटते?"

"माझ्या."

"तिथंच चुकतंय. तुझा हुकूम कोण ऐकतो? आणि महाराजांचा म्हणावा तर इथं महाराज दोन. पंचांग मात्र दोन्ही पात्यांत एकच आहे."

लग्न लागल्याबरोबर आम्ही जोशीबुवांना परसात गाठलं. बुवा आधी बिथरले. "मुहूर्त लग्नाचा असतो, मुंजीचा असतो. घोड्याच्या गाडीला कसला मुहूर्त?"

अक्का म्हणाली, "बुवा, प्रयाणाला मुहूर्त असतो की नाही?"

"असतो ना."

"मग इंदूरला जाणं हे प्रयाण नाही तर काय श्राद्ध आहे?"

बुवा गालात हसले. खरं म्हणजे बुवांचंही घोडं त्याच बाकाशी अडलेलं असे. इंदूरकडच्या यजमानांची किती तरी कार्यं त्यांनी या सरदारांपायी बुडवली होती. म्हणाले, "उद्या सकाळी येतो. पंचांग माझं, घोडे तुमचे."

दुसरा दिवस. सोमवारच्या वर्गाला पोचायचं तर हाच शेवटचा टांगा. नंदा भियानं घोड्यांना खरारा केला होता. अक्का मागच्या बाकावर, शेजारी पेरूची टोपली घेतलेली माळीण, पायाशी ट्रंक. आणि गाडीच्या बाजूला आमची त्रिमूर्ती रस्त्यावर उभी, शेवटी चढण्यासाठी. तेवढ्यात जोशीबुवा आले, डोक्याला पागोटं, काखेत पंचांग, हातात तांब्याचं घटिकापात्र. पायरीवर चढले आणि म्हणाले, "आजपासून ट्राम मुहूर्तावर सुटणार. आज उत्तम योग आहे. मुहूर्त साधून निघेल त्याची सगळ्या वर्षाची कामं फत्ते. चुकेल त्याचं मात्र मी सांगू शकत नाही." आणि कुणाला काही बोलू न देता त्यांनी खणखणीत आवाजात मंगलाष्टक सुरू केलं.

सवय बघा कशी असते! तिघेही पाय जुळवून उभे राहिले. दादासाहेबांचा हात अक्षतांसाठी आपोआप पुढे आला; माळणीनं त्यांच्या हातावर एक पेरू ठेवला. बुवांनी "शुभमंगल सावधान" म्हटलं, आणि मग बेंबीच्या देठापासून ओरडले, "घटिका भरली!"

नंदा भियानं ब्रेक सोडला. चाक फिरलं. आबासाहेबांनी टुणकन उडी मारली ती थेट पेरूंच्या टोपलीत. दादासाहेब पेरूसकट माझ्या अंगावर आले. दोघेही धापा टाकत विचारत होते, "साधला का मुहूर्त? साधला का?" बुवा म्हणाले, "साधला!" दोघांचे चेहरे असे खुलले की उजवी-डावी बाजू कुणाला आठवलीच नाही. माळीण मात्र आबासाहेबांच्या नावानं बोटं मोडत होती.

अण्णा चढले नाहीत.

त्यांना सगळं एका क्षणात कळलं होतं. गाडी अजून पावलापावलानं चालली होती. अण्णा तिच्या बाजूनं चालू लागले, अक्काच्या बाकापाशी आले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "काय गं, कुठं निघालीस?"

निघणाऱ्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकू नये, एवढं आमच्यात पाळण्यातलं पोरही जाणतं. टोकलं की उतरायचं, घरात जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग वाटलं तर पुन्हा निघायचं. आणि अण्णांनी हे जाणूनबुजून केलं होतं! नंदा भियाच्या हातानं आपोआप ब्रेक ओढला. गाडी थांबली. आबासाहेब टोपलीतून उठत म्हणाले, "अरेरे! उतर बाई. पाणी पी आणि मग बघू."

मी ओरडलो, "अण्णा!" दुसरं काही सुचलं नाही. बापावर हात टाकायचं पाप त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

अक्का जागची हलली नाही. ट्रंकेवर हात ठेवून म्हणाली, "शिकायला निघालेय, अण्णा."

"अपशकुन झाला," आबासाहेब म्हणाले.

"मला?" अक्का हसली. अगदी मोकळी, खळखळून हसली. "आबासाहेब, तुम्ही सकाळी घराबाहेर पडता तेव्हा मी दिसले की परत आत जाता. सगळा गाव जाता-येता मलाच अपशकुन म्हणतो. मग मला कुणाचा अपशकुन होणार? मी काय आरशात बघून परत फिरू?"

आधी माळीण हसली. मग तिच्यामागचा शिंपी. मग सगळी गाडी. नंदा भिया तर लगाम पोटाशी धरून हसत होता. "वा रे म्हारी अक्का!" म्हणाला आणि ब्रेक सोडला. आबासाहेब बसले, ते पुन्हा टोपलीतच बसले.

घोडे त्या दिवशी काय पळाले म्हणता! शेंदरी दगडांना नंदा भियानं चालत्या गाडीतूनच नमस्कार केला. "माफ करजो, देव, आज टेम नी हे!" एक काकू हात वर करून उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. बाजारात हलवायानं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत आम्ही पुढे गेलो होतो. मी मागे वळून पाहिलं तर अण्णा पायरीवर. केव्हा चढले कोण जाणे. एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्यानं पगडी. कुणाकडे बघत नव्हते. पगडीतून घाम गळत होता आणि ते एकदम म्हातारे दिसत होते. मला त्यांचा राग आला होता तो कुठं गेला कळलंच नाही.

आग्रा रोड आला. टांगा उभा! टांगेवाल्यानं बिगुल तोंडाशी नेला होता. आम्हाला पाहून त्यानं तो खाली घेतला आणि चक्रावून विचारलं, "आज ट्राम को क्या हो गया, भिया?"

गाडी थांबली आणि कुणी हललं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. पंगतीत हसलेले दोघेही होते त्यात.

अण्णा उतरले. अक्काची वळकटी त्यांनी स्वतः उचलली. मी ट्रंक घेऊन मागे. त्यांनी वळकटी टांग्यात ठेवली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. शब्द पाळायला वेळ लावत होते. अक्का चढून बसली.

"तिथं तुझं कोण आहे, यमू?" अण्णांनी हळूच विचारलं. आता कुणाला ऐकू जावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"कोणी नाही."

"आजारी पडलीस तर?"

"पडेन. बरीही होईन."

"मला... करमायचं नाही गं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते निघालं. दोन दरबारांचे मानकरी मागे उभे असताना निघालं.

अक्कानं त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात टांग्याच्या दांडीवर होता, घट्ट. "माहीत आहे, अण्णा," ती म्हणाली. "मलाही नाही करमणार." मग पदर सावरून, डोळे पुसून, तिनं टांगेवाल्याला खूण केली. "जाते, अण्णा."

आमच्यात असं कुणी म्हणत नाही. अण्णांचा चेहरा कावराबावरा झाला. "जाते काय म्हणतेस? येते म्हण."

"येईन की," अक्का म्हणाली. "आधी जाऊ तर द्या."

अण्णांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो दांडीवरून काढून घेतला.